रानडे, एकनाथ रामकृष्ण

(१९ नोव्हेंबर १९१४ – २२ ऑगस्ट १९८२). कन्याकुमारी येथील विवेकानंद शिलास्मारकाच्या उभारणीचे सूत्रधार आणि त्या उभारणीची हकिकत सांगणारे कार्यकर्ते. जन्म अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे, शिक्षण नागपूरला. १९५६ ते १९६२ या काळात ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह होते.

डिसेंबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंदांनी किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवरच्या समुद्रातील खडकावर ध्यान केले, अशी श्रद्धा आहे. जन्मशताब्दीनिमित्त (१९६३) तेथे स्मारक करण्याचे स्थानिक समितीने ठरवले. मात्र हा खडक सेंट झेवियरचा, असे किनाऱ्यावरील ख्रिस्ती मच्छीमारांचे म्हणणे होते. वाद चिघळला. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री एम. भक्तवत्सलम राजी नव्हते. केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांचाही विरोध होता. समितीने रानड्यांना बोलावले ते या पेचात. त्यांनी दिल्लीत ठाण मांडून डिसेंबर १९६३ मध्ये तीन दिवसांत स्मारकाच्या मागणीवर सर्व पक्षांच्या ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या. विरोधकालाही आपल्या बाजूने वळवता येते, ही त्यांची धारणा येथे कसाला लागली आणि टिकली.

पैसा उभारण्याची त्यांची रीत अधिक मोलाची वाटते. राज्य सरकारांकडून त्यांनी अनुदाने घेतलीच; पण सामान्य माणसाने एक रुपया दिला तरी स्मारक त्याचे होते, म्हणून घरोघरी जाऊन छोट्या रकमा गोळा केल्या. खर्च सव्वा कोटी रुपयांच्या वर गेला. स्थपती एस. के. आचारी यांच्या देखरेखीखाली पाथरवट किनाऱ्यावर ग्रॅनाइटचे चिरे घडवत. ते चिरे होड्यांवर चढवून खवळत्या पाण्यातून खडकावर न्यायचे आणि उतरवायचे. त्यासाठी आधी दोन्ही बाजूंना धक्के बांधावे लागले. विवेकानंदांचा पुतळा मुंबईचे शिल्पकार सोनवडेकर यांचा. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते २ सप्टेंबर १९७० रोजी उद्‌घाटन झाले.

१९७२ मध्ये रानड्यांनी विवेकानंद केंद्र स्थापन केले. केंद्राच्या कार्यकर्त्यांना त्यांनी सांगितलेली स्मारकाची कथा पुढे पुस्तकरूपाने आली. ती प्रत्यक्ष कर्त्याची साक्ष आहे, हे तिचे बळ आणि तीच तिची मर्यादा. परवानग्या, नकाशे, वर्गणी यांचा इतका जवळून पाहिलेला तपशील दुसरीकडे मिळणे कठीण; मच्छीमारांची बाजू मात्र अभ्यासकाला स्वतंत्रपणे शोधावी लागते.