जागेची टंचाई आणि मूळ प्रत : पीएसपीच्या डिस्क प्रतिमांचा आकार कमी करण्याच्या पद्धतींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

अभिलेखांच्या इतिहासात जागेचा प्रश्न नेहमीच महत्त्वाचा ठरलेला आहे. दप्तरखान्यात किती कागद मावतात, यावर कोणते कागद शिल्लक राहतात हे पुष्कळदा ठरते. संगणकीय साधनांच्या आगमनाने हा प्रश्न सुटला असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात त्याचे केवळ स्वरूप बदलले. या बदललेल्या स्वरूपाचे एक लहान परंतु बोलके उदाहरण म्हणजे सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल, अर्थात पीएसपी या हातात धरून खेळावयाच्या गेम कन्सोलसाठी तयार झालेल्या खेळांच्या डिस्क प्रतिमा होत. या प्रतिमांचा आकार कमी करण्यासाठी ज्या पद्धती रूढ झाल्या, त्यांचा इतिहास पाहिला असता मूळ साधन जपणे आणि जागा वाचविणे यांतील ताण स्पष्टपणे दिसून येतो.

उद्दिष्टे :

१) डिस्क प्रतिमांचा आकार कमी करण्याची गरज कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली हे पाहणे.
२) संपीडन आणि वगळणूक या दोन पद्धतींमधील भेद स्पष्ट करणे.
३) इतिहासाचे साधन या दृष्टीने या प्रतिमांचे मूल्यमापन करणे.

चकती आणि कार्ड :

पीएसपी जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी, अमेरिकेत २४ मार्च २००५ रोजी आणि युरोपात १ सप्टेंबर २००५ रोजी विक्रीस आले. त्याचे खेळ यूएमडी नावाच्या ६० मिलिमीटर व्यासाच्या प्रकाशीय चकतीवर मिळत. ही चकती प्लॅस्टिकच्या आवरणात बंद असे. एका स्तराच्या चकतीवर सुमारे ९०० एमबी, तर दोन स्तरांच्या चकतीवर १.८ जीबी माहिती मावत असे. तिच्यावरील फायलींची मांडणी सीडी-रॉमसाठी १९८८ साली निश्चित झालेल्या आयएसओ ९६६० या मानकानुसार होती. म्हणूनच चकतीवरील माहिती जशीच्या तशी उतरवून घेतलेल्या फाइलीस 'आयएसओ प्रतिमा' असे नाव पडले.

यंत्रात चकतीखेरीज मेमरी स्टिक हे कार्ड बसविण्याची सोय होती. कन्सोलबरोबर सुरुवातीच्या संचात मिळणारे कार्ड अवघे ३२ एमबीचे होते. म्हणजेच एका पूर्ण भरलेल्या चकतीची प्रतिमा ठेवावयाची तर अशी पन्नासहून अधिक कार्डे लागली असती. १ जीबीचे कार्ड विकत घेतले तरी १.८ जीबीची प्रतिमा त्यात मावणे शक्य नव्हते. दुसऱ्या बाजूस, चकती फिरविण्यास वीज लागे, वाचनास वेळ लागे आणि यंत्राचा आवाजही होई. २००५ पासून हौशी प्रोग्रामरांनी कंपनीची मान्यता नसलेले प्रोग्राम या यंत्रावर चालविण्याचे मार्ग शोधले. त्यानंतर खेळ चकतीऐवजी कार्डावरून चालविणे शक्य झाले आणि जागेचा प्रश्न लगेच ऐरणीवर आला. अशा प्रतींपैकी पुष्कळशा प्रती बेकायदेशीर देवाणघेवाणीसाठीच तयार झाल्या, हेही येथे नोंदविले पाहिजे. तथापि तंत्राचा इतिहास लिहिताना तंत्र आणि त्याचा गैरवापर या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट ठरते.

संपीडनाची पूर्वपीठिका :

या प्रश्नास मिळालेले उत्तर 'सीएसओ' या नावाने ओळखले जाते. ते उत्तर २००५च्या सुमाराचे असले तरी त्यामागील विचार बराच जुना आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे गणिती मापन मांडले आणि कोणताही मजकूर किती आखूड करता येईल यास एक मर्यादा असते हे दाखवून दिले. डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली वारंवार येणाऱ्या चिन्हांस आखूड संकेत देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७७ साली इस्राएलमधील अब्राहम लेम्पेल व जेकब झिव्ह यांनी, मजकुरात पूर्वी येऊन गेलेला भाग पुन्हा आल्यास तो न लिहिता त्याचा केवळ मागील ठावठिकाणा लिहावा, ही कल्पना मांडली. या दोन्ही कल्पनांचा संयोग फिल कॅट्झ यांनी १९९३च्या पीकेझिप या प्रोग्राममध्ये केला. तीच 'डिफ्लेट' पद्धती होय. १९९६ साली तिचे खुले विवरण प्रसिद्ध झाले आणि झेडलिब या मुक्त ग्रंथालयामुळे ती कोणासही वापरता येऊ लागली. लेम्पेल व झिव्ह हे दोघेही २०२३ साली निवर्तले. परंतु त्यांची कल्पना आज असंख्य यंत्रांत दररोज राबत आहे.

सीएसओची रचना :

संपूर्ण प्रतिमा एकसंध दाबून लहान करणे सोपे होते, मात्र खेळासाठी ते निरुपयोगी होते. खेळ चालू असताना यंत्र कधी प्रतिमेच्या आरंभी, कधी मध्यावर, तर कधी शेवटी असलेली माहिती मागते. पहिल्या पीएसपीची मुख्य स्मृती केवळ ३२ एमबी असल्याने संपूर्ण प्रतिमा उलगडून ठेवणे अशक्य होते. म्हणून सीएसओमध्ये प्रतिमेचे सामान्यतः २,०४८ बाइटांचे तुकडे केले जातात व प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे डिफ्लेट पद्धतीने संपीडित केला जातो. फाइलीच्या आरंभी २४ बाइटांचे शीर्ष व त्यानंतर प्रत्येक तुकडा कोठे सुरू होतो हे सांगणारी सूची असते. या सूचीत प्रत्येक नोंदीस ४ बाइट लागतात. १ जीबीच्या प्रतिमेत असे ५,२४,२८८ तुकडे पडतात. त्यामुळे केवळ सूचीच सुमारे २ एमबीची होते. जो तुकडा दाबूनही लहान होत नाही, तो जसाच्या तसा ठेवून सूचीत तशी खूण केली जाते.

तुकडे लहान ठेवल्याने हवा तो भाग चटकन सापडतो. परंतु पुनरावृत्ती शोधण्यास वाव कमी राहतो आणि बचत घटते. तुकडे मोठे केल्यास बचत वाढते, पण थोड्याशा माहितीसाठी अधिक मजकूर उलगडावा लागतो. याच काळातील 'डॅक्स' या दुसऱ्या स्वरूपात ८,१९२ बाइटांचे तुकडे योजिले होते. जागा, वेळ आणि प्रक्रियाशक्ती यांपैकी एक वाचवावयाची तर दुसरी खर्चावी लागते, हाच या साऱ्या प्रयत्नांचा सारांश होय. विशेष म्हणजे सोनी कंपनीने २००६ पासून पहिल्या प्लेस्टेशनचे जुने खेळ पीएसपीसाठी उपलब्ध केले, तेव्हा त्यांच्या प्रतिमाही तुकड्यातुकड्यांनी संपीडित केलेल्या होत्या. परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या दोन्ही पक्षांस एकाच अडचणीतून एकाच प्रकारचा मार्ग सापडला, ही बाब लक्षणीय आहे.

सर्व खेळांच्या बाबतीत सारखी बचत होत नाही. चकतीवर शून्यांनी भरलेली रिकामी जागा असेल, तर २,०४८ बाइटांचा तुकडा मोजक्या बाइटांत मावतो. याउलट चलचित्रे व संगीत मुळातच संपीडित स्वरूपात असतात. त्यांत पुनरावृत्ती उरलेली नसल्याने सीएसओमुळे जवळजवळ काहीच वाचत नाही. शॅनन यांनी सांगितलेली मर्यादा येथे प्रत्ययास येते.

वगळणूक आणि साक्ष :

संपीडनाने भागेना, तेव्हा दुसरा मार्ग अवलंबिण्यात आला. तो म्हणजे वगळणुकीचा. प्रास्ताविक चलचित्रे काढून टाकणे, न लागणाऱ्या भाषांतील आवाज गाळणे, जागा भरण्यासाठी घातलेल्या निरर्थक फायली शून्यवत करणे, असे उपाय केले गेले. चकतीवरील 'अपडेट' नावाच्या विभागात यंत्राच्या मूळ प्रणालीची सुधारित आवृत्ती दिलेली असे. तीही खेळास अनावश्यक म्हणून काढली जाई.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही मार्गांचे फळ एकच, म्हणजे लहान फाइल. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र हे दोन मार्ग परस्परविरुद्ध आहेत. मोडी पत्रातील 'रा. रा.' हा संक्षेप 'राजमान्य राजश्री' असा पुन्हा पूर्ण वाचता येतो, कारण त्याची किल्ली वाचकापाशी असते. संपीडन हे असे आहे. सीएसओ उलगडली की मूळ प्रतिमा बाइटागणिक परत मिळते. पण नक्कल करणाऱ्याने पत्रातील एखादा परिच्छेद कंटाळवाणा म्हणून गाळला, तर तो कोणत्याही किल्लीने परत येत नाही. वगळणूक ही अशी आहे.

शिवाय अनावश्यक काय, हे ठरविणारा त्या क्षणीचा खेळाडू असतो. त्याची गरज आणि अभ्यासकाची गरज एक नसते. अपडेट विभागातून तो खेळ बाजारात येताना यंत्राची कोणती आवृत्ती अपेक्षित होती हे कळते. गाळलेल्या भाषांवरून प्रकाशकाने कोणत्या देशांतील ग्राहक गृहीत धरले होते हे कळते. भरावाच्या फायलींवरून चकतीची मांडणी कशी केली होती याचा अंदाज येतो. ज्यास केरकचरा म्हटले गेले, त्यातच काळाची साक्ष होती.

ही साक्ष आता दुर्मीळ होत चालली आहे. २००९ सालच्या पीएसपी गो या आवृत्तीत यूएमडीची सोयच नव्हती. २०११ साली आलेल्या प्लेस्टेशन व्हीटातही ती नव्हती. पीएसपीचे उत्पादन २०१४ साली थांबले. सामान्य ग्राहकास लिहिता येईल अशी कोरी यूएमडी कधीच विक्रीस आली नाही. त्यामुळे चकती खराब झाल्यास तशी दुसरी चकती घरी तयार करता येत नाही. अशा वेळी प्रतिमा हेच साधन उरते, आणि ती प्रतिमा अखंड आहे की छाटलेली, हा प्रश्न कळीचा बनतो.

कायद्याची चौकट :

भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२(१)(कक) अन्वये संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास, ती नष्ट वा खराब होण्यापासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा आहे. २०१२च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ६५क अन्वये हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे हा गुन्हा आहे. ग्रंथालये व संग्रहालये यांनी अशा प्रतिमा जतन करताना या दोन्ही तरतुदी विचारात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१) डिस्क प्रतिमांचा आकार कमी करण्याची गरज चकतीची मोठी क्षमता व कार्डाची अपुरी क्षमता यांतील तफावतीतून निर्माण झाली.
२) संपीडन उलटविता येते, वगळणूक उलटविता येत नाही, म्हणून दोहोंस एकाच नावाने संबोधणे अभ्यासाच्या दृष्टीने दिशाभूल करणारे आहे.
३) सीएसओ फाइलीत मजकूर अबाधित आहे की नाही हे पडताळण्याची अंगभूत सोय नाही. म्हणून संपीडनापूर्वी मूळ प्रतिमेचा पडताळणी अंक काढून तो स्वतंत्रपणे नोंदविला पाहिजे.
४) छाटलेली प्रतिमा संग्रहात घ्यावी लागल्यास काय गाळले आहे याची नोंद तिच्यासोबत असावी.

समारोप :

साठवणुकीची साधने आज इतकी स्वस्त झाली आहेत की १.८ जीबीची जागा वाचविण्यासाठी कोणी आता परिश्रम घेणार नाही. ज्या टंचाईपोटी मजकूर गाळला गेला ती टंचाई काही वर्षांतच संपली. गाळलेला मजकूर मात्र त्या प्रतींत परत आला नाही. आपल्या महाविद्यालयांत आज जुने प्रबंध, नियतकालिके व हस्तलिखिते यांचे संगणकीकरण चालू आहे. तेथेही कोरी पाने, शिक्के, समासातील टिपा आणि जाहिराती जागेसाठी गाळण्याचा मोह होतो. अशा वेळी आकार कमी करण्यापूर्वी आपण संक्षेप करीत आहोत की लोप, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासकाने स्वतःस विचारणे अगत्याचे आहे.