सांदण दरी आणि राघोजींचा मुलूख

नाशिकहून पहाटे पाचला निघालं, की घोटी, बारी, शेंडी करत साडेआठ-नऊपर्यंत साम्रदला पोचता येतं. अकोले तालुक्यातलं हे गाव सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. गावापासून थोडं चाललं की जमिनीला भेग पडलेली दिसते. हीच सांदण दरी. 'सांदीकोपऱ्या'तली सांद आठवली तर नाव लगेच पटतं.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. त्यातल्या भेगेत पाणी शिरत राहिलं आणि खडक कापत गेलं. दरीत उतरल्यावर सुरुवातीलाच पाण्याचे दोन डोह लागतात. जानेवारीतही पाणी कमरेला लागत होतं. पुढे दोन्ही बाजूंना शे-दोनशे फुटांच्या भिंती, आणि वर आभाळाची एक पट्टी. पावसाळ्यात इथे उतरणं म्हणजे जीव गमावणंच. लोंढा आला तर पळायला जागा नाही.

दगडांवरून उड्या मारत आम्ही पुढे गेलो. अचानक समोर कडा तुटला आणि खाली कोकण दिसलं. पुढची वाट दोरावरून उतरायची, ती एका दिवसात परतणाऱ्यांसाठी नाही. आम्ही तिथेच डबे उघडले.

दरीचे फोटो फोनवर हल्ली बरेच दिसतात. खाली बहुधा लिहिलेलं असतं, 'कुणालाच माहीत नसलेली जागा'. ते वाचून मला खटकतं. कारण हा सगळा मुलूख पिढ्यान् पिढ्या महादेव कोळी आणि ठाकरांच्या पायाखालचा आहे. इथल्या घाटवाटा त्यांना तोंडपाठ होत्या, आणि एके काळी कंपनी सरकारला याच गोष्टीची धास्ती होती.

मराठेशाहीत इथल्या किल्ल्यांवर आणि घाटांवर कोळी शिबंदीचा पहारा असे. १८१८ नंतर इंग्रजांनी या भागातल्या अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. किल्लेच निकामी झाल्यावर पहाऱ्याचं काम गेलं आणि त्यासोबत वेतनही. मग सावकाराचं कर्ज आणि कोर्टाची जप्ती. १८२८-३० च्या सुमारास रामजी भांगरेंनी बंड केलं. ते मोडायला आलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनं पुढे महादेव कोळ्यांवर एक मोठा वृत्तांत लिहिला. ज्यांना धरायचं त्यांना आधी समजून घ्यावं लागलं, असाच त्याचा अर्थ.

त्यानंतर उठले देवगावचे राघोजी भांगरे. १८४४ पासून नाशिक आणि नगरच्या डोंगरांत त्यांचं बंड पेटलं. नाशिक तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो १८६९ मध्ये झाला. सावकारांची नाकं कापली गेल्याची नोंद सरकारी गॅझेटिअरमध्ये आहे. ती क्रूर आहे, पण ती वगळून राघोजींची गोष्ट सांगणं खोटं होईल. फौज पाठवली, बक्षीस लावलं, तरी राघोजी या डोंगरात सापडले नाहीत. जानेवारी १८४८ मध्ये ते पकडले गेले ते पंढरपूरला, आपल्या मुलखापासून लांब, मैदानात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. १८५७ ला अजून नऊ वर्षं होती.

परतताना आमच्या वाटाड्याला विचारलं, "राघोजी या दरीत लपत असतील का हो?"

तो हसला. "ताई, लपायला दरी कशाला लागतीय? भाकर देनारी आन् तोंड बंद ठेवनारी मान्सं लागत्यात."

मग त्यानं पुढच्या रविवारच्या गर्दीची काळजी बोलून दाखवली. जेवणं, तंबू, वाटाडे यांतून गावाला चार पैसे मिळतात, पण डोहात प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगतात. त्या काढायलाही गावातलीच पोरं उतरतात.

येताना भंडारदऱ्याच्या धरणावर थांबलो. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या नावानं ओळखलं गेलं. इथलं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खालच्या उसाला जातं. वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन चालणाऱ्या बायका मी आधीच्या एका मेमध्ये पाहिल्या आहेत.

सांदणला जरूर जा, फक्त पावसाळा सोडून. आपल्या बाटल्या परत आणा. आणि वाटाड्या गावातलाच घ्या. त्याला वाट विचारा, आणि देवगाव कुठल्या बाजूला आहे तेही.