ज्युलियस न्येरेरे : टांगानिकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष

ज्युलियस कांबारागे न्येरेरे (१३ एप्रिल १९२२ – १४ ऑक्टोबर १९९९) हे पूर्व आफ्रिकेतील टांगानिकाचे, आणि १९६४ नंतर टांझानियाचे, पहिले राष्ट्राध्यक्ष. तिथले लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणत. बडोद्याच्या वाचकांना हे नाव अगदीच परके वाटू नये. पूर्व आफ्रिकेत नातेवाईक असलेली गुजराती घरे आपल्या शेजारपाजारात आहेतच, शिवाय सयाजीराव महाराजांच्या काळात १९०८ साली निघालेल्या बँक ऑफ बडोदाच्या शाखाही त्या देशात होत्या. त्यांचे काय झाले ते पुढे येईलच.

न्येरेरे मूळचे बुतियामा गावचे. वडील झनाकी या लहानशा जमातीचे प्रमुख. मकेरेरेला शिक्षकाचा अभ्यासक्रम, १९५२ साली एडिंबरोहून एम. ए., मग दार-ए-सलामजवळ पुगू येथे मास्तरकी. ७ जुलै १९५४ रोजी 'टानू' पक्ष स्थापन झाला आणि ते त्याचे अध्यक्ष झाले. टांगानिका हा संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश म्हणून ब्रिटिशांच्या कारभाराखाली होता, म्हणून १९५५ साली ते न्यूयॉर्कला जाऊन देशाची बाजू मांडून आले. त्याच वर्षी नोकरी सोडली.

ब्रिटिशांनी १९५८ च्या निवडणुकीत एक चमत्कारिक अट घातली होती. प्रत्येक मतदाराने एक आफ्रिकन, एक युरोपियन आणि एक आशियाई (म्हणजे बहुतेक करून भारतीय वंशाचा) अशा तिघांना मत द्यायचे. टानूतील अनेकांना बहिष्कार हवा होता. टाबोरा येथील अधिवेशनात न्येरेऱ्यांनी त्यांना निवडणूक लढवायला राजी केले. पक्षाने आपल्याला अनुकूल असे युरोपियन व आशियाई उमेदवार पाठीशी घेतले आणि निवडणूक जिंकली. झुबेरी म्तेम्वू मात्र हे न पटून बाहेर पडले आणि 'आफ्रिका फक्त आफ्रिकनांची' म्हणणारा पक्ष त्यांनी काढला.

आमच्या मते न्येरेऱ्यांची खरी कसोटी लागली ती ऑक्टोबर १९६१ मध्ये. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले होते आणि सभागृहात नागरिकत्वाचे विधेयक होते. नागरिकत्व फक्त आफ्रिकन वंशाच्या लोकांना द्यावे, असा आग्रह त्यांच्याच पक्षाचे सभासद धरून बसले. पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्या दुकानदाराचे, कारकुनाचे, रेल्वेतल्या बाबूचे भवितव्य त्यावर होते. कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरवणाऱ्यांची तुलना न्येरेऱ्यांनी सरळ नाझींशी केली आणि विधेयक पडले तर सरकार राजीनामा देईल असे बजावले. विधेयक मंजूर झाले. दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या भाषेत स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना त्या दुकानदाराचा जीव कसा टांगणीला लागला असेल हे वेगळे सांगायला नको.

९ डिसेंबर १९६१ ला स्वातंत्र्य मिळाले, न्येरेरे पंतप्रधान झाले, आणि अवघ्या सहा आठवड्यांत पद सोडून पक्ष बांधायला खेड्यापाड्यांत निघून गेले. पंतप्रधानपद रशीदी कवावांकडे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. समोर तेच म्तेम्वू होते. न्येरेरे जवळजवळ सगळी मते घेऊन निवडून आले आणि ९ डिसेंबर १९६२ रोजी देश प्रजासत्ताक झाला. १९६४ च्या जानेवारीत सैन्याचे बंड झाले, ते मोडायला ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. २६ एप्रिलला झांझिबारशी एकीकरण झाले.

इथून पुढचा हिशेब जमाखर्चाच्या दोन्ही बाजूंना भरतो. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा १९६२ चाच. १९६५ पासून एकच पक्ष उरला. फेब्रुवारी १९६७ मध्ये अरुशा जाहीरनामा निघाला आणि लगोलग सर्व खासगी बँका सरकारजमा झाल्या, त्यांत बँक ऑफ बडोदाच्या शाखाही गेल्या. तेव्हाचे अर्थमंत्री अमीर जमाल हे भारतीय वंशाचे. पुढे १९ जुलै १९६९ ला भारतातही १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, म्हणजे आपल्या गावच्या या बँकेने अडीच वर्षांत दोन देशांतली राष्ट्रीयीकरणे पाहिली! आम्हा बँकवाल्यांना याची गंमत जास्त वाटते.

१९७१ चा इमारतींचा कायदा मात्र गमतीचा नव्हता. एक लाख शिलिंगांवरच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारने घेतल्या. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण मालक बहुतेक आशियाईच होते, आणि पुष्कळ कुटुंबांनी देश सोडला. नागरिकत्व ज्याने वाचवले त्याच्याच सहीने घर गेले. १९७३ नंतर 'उजामा' खेड्यांत राहणे सक्तीचे झाले, लाखो शेतकरी हलवले गेले, शेतीचे उत्पन्न खालावले. शाळा आणि साक्षरता मात्र खूप वाढली.

१९८५ मध्ये ते आपण होऊन राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले. त्या काळच्या आफ्रिकेत ही विरळ गोष्ट. पक्षाध्यक्षपद त्यांनी १९९० पर्यंत ठेवले. १९९५ साली भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. १९९९ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि दफन बुतियामाला झाले. बँक ऑफ बडोदा २००४ मध्ये टांझानियात परतली.