सांधा झाकायचा की दाखवायचा?

रोज दहा-दहा तास खुर्चीत बसून काढणाऱ्या आम्हा आयटीवाल्यांनी खुर्चीवर लिहायचं नाही, तर कुणी?

डेन्मार्कचा हान्स वेग्नर म्हणजे जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, हाताने काम शिकलेला सुतार. १९४९ मध्ये त्याने एक हातांची खुर्ची केली. पाठ आणि हात मिळून लाकडाची एकच वळणदार कमान. पण ती एका तुकड्यातून निघेना, जोड द्यावे लागले. ते जोड काही वेग्नरला आवडेनात. मग पठ्ठ्याने पाठीवर वेत गुंडाळून ते झाकूनच टाकले! (आपण गचाळ कोड रॅपर फंक्शनमध्ये गुंडाळतो, अगदी तसंच.)

१९५० मध्ये त्याला उपाय सापडला. बोटांत बोटं गुंतवावीत तसा दातेरी सांधा. वेत निघाला, सांधा उघडा राहिला आणि तोच खुर्चीचा दागिना झाला. २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोत केनेडी-निक्सन यांचा पहिला टीव्ही वादविवाद झाला, तेव्हा दोघेही याच खुर्च्यांवर बसले होते. अमेरिकेत तिचं नावच पडलं, 'द चेअर'.

मला मात्र फोटोत ती पहिली, वेत गुंडाळलेलीच जास्त आवडते. तिच्यात वेग्नर अजून जरा बिचकलेला दिसतो.