कंदील आणि नोंदवही

दरवर्षी १२ मे रोजी आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत एक समारंभ होतो आणि तो एकदा पाहिलेल्या माणसाला त्याचा क्रम पाठ होऊन जातो. सभागृहात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची तसबीर, तसबिरीला हार, समोर समई. हातांत पेटते दिवे घेतलेल्या विद्यार्थिनी एका सुरात शपथ म्हणतात. मग अधीक्षकांचे भाषण होते, त्यात 'त्याग', 'सेवा' आणि 'माउली' हे शब्द हमखास येतात. गुलाबपुष्प, प्रमाणपत्र, अल्पोपाहार. अधिसेविका आभार मानतात आणि दुपारची पाळी सुरू होण्याआधी सगळ्याजणी वॉर्डांत परततात. या समारंभाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. वर्षातून एकदा का होईना, ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्यांचे नाव तेथे माइकवरून पुकारले जाते, आणि हे थोडे नव्हे. परंतु या सोहळ्यातील दिवा, शपथ आणि खुद्द ती तारीख यांचा माग काढू लागले की तसबिरीतल्या बाईंशी त्यांचे नाते फारच गुंतागुंतीचे निघते.

दिव्यापासूनच सुरुवात करू. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, नाइटिंगेलबाई ३८ परिचारिकांना घेऊन इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. रात्री फेरी घालताना त्यांच्या हाती असे तो घडी होणारा साधा तुर्की कंदील. फेब्रुवारी १८५५ मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने त्या फेरीचे चित्र छापले, १८५७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलो याने तिच्यावर कविता लिहिली, आणि कंदिलाचा दिवा झाला. पुढे शिल्पकारांनी आणि बिल्ले पाडणाऱ्यांनी तर त्याला अल्लाउद्दिनाच्या दिव्याचा घाट दिला. वाऱ्याच्या लांबलचक बोळांतून असला उघडा दिवा घेऊन फिरणे कसे जमले असते, हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही.

स्वतः बाईंना अभिमान होता तो दिव्याचा नव्हे, तक्त्यांचा. स्कुटारीत फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांपैकी शेकडा ४२ दगावत होते. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले. हा चमत्कार मायेच्या हाताचा नव्हता. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, पाणी सुधारले, त्याचा तो परिणाम होता. आणि हे सर्वांत ठासून सांगणारी व्यक्ती म्हणजे नाइटिंगेलबाईच. १८५८ मध्ये त्यांनी मृत्यूंच्या आकड्यांच्या रंगीत आकृत्या छापून सरकारपुढे ठेवल्या. स्वतःच्या गौरवाचा मात्र त्यांना तिटकारा होता. ऑगस्ट १८५६ मध्ये त्या 'मिस स्मिथ' या नावाने प्रवास करीत गुपचूप घरी परतल्या. १९१० मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेचा मान राखून वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा प्रस्ताव नाकारला गेला, आणि खेड्यातल्या थडग्यावर नावाची केवळ आद्याक्षरे कोरली गेली.

लोकांच्या कौतुकाचा एकच उपयोग त्यांनी मान्य केला. नोव्हेंबर १८५५ मध्ये लंडनला सभा भरून त्यांच्या नावाने निधी उभारण्यात आला. सुमारे ४५,००० पौंड जमले. सैनिकांनीही आपल्या पगारातून वर्गणी दिली. त्यातून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले. टाळ्यांचे शिक्षणात रूपांतर झाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. त्या विद्यालयात प्रत्येक शिकाऊ परिचारिकेचा एक मासिक तक्ता मेट्रन भरीत असे. त्यात मलमपट्टी, रुग्णाला उचलणे-हलवणे यांसारख्या कामांचे रकाने होते, तसेच वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा यांचेही होते. गुण कौशल्याला होते आणि स्वभावालाही. पुढच्या मोठ्या वादाचे बीज या तक्त्यात आहे.

तो वाद उभा केला एथेल बेडफर्ड फेनविक यांनी. वयाच्या २४ व्या वर्षी त्या लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात मेट्रन झाल्या. १८८७ मध्ये लग्नानंतर पद सोडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन केली. मागणी अशी, की परिचारिकेला ठरावीक मुदतीचे शिक्षण असावे, परीक्षा असावी आणि उत्तीर्ण झालेल्यांची नावे अधिकृत नोंदवहीत असावीत. नाइटिंगेलबाईंनी या मागणीला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की परीक्षेने स्मरणशक्ती मोजता येते, चारित्र्य नव्हे. नोंदवहीत एकदा चढलेले नाव ती बाई पुढे कामचुकार झाली तरी तसेच राहते. फेनविकबाईंचे उत्तर व्यवहारी होते: शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण हे रुग्णाला कळणार कसे, आणि ज्या कामाची कायदेशीर ओळखच नाही त्याचे मोल कोण आणि किती देणार?

नाइटिंगेलबाईंचा आक्षेप पोकळ नव्हता. उत्तम गुणांची आणि थंड हातांची परिचारिका आपण सर्वांनीच पाहिलेली असते. परंतु सेवा ही केवळ अंतःप्रेरणा आहे, असे एकदा मानले की तिला पगार किती, पाळी किती तासांची, एका परिचारिकेमागे रुग्ण किती, हे प्रश्न क्षुद्र वाटू लागतात. आणि ते क्षुद्र वाटणे रुग्णालय चालवणाऱ्यांच्या नेहमीच सोयीचे असते. कायदा अखेर १९१९ मध्ये झाला. इंग्लंडच्या नोंदवहीतले पहिले नाव फेनविकबाईंचे होते.

आता तारखेकडे या. फेनविकबाईंच्याच पुढाकाराने १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद स्थापन झाली. या परिषदेने १९६५ पासून परिचारिका दिन पाळण्यास सुरुवात केली आणि १९७४ मध्ये त्याकरिता १२ मे हा दिवस मुक्रर केला. १२ मे १८२० हा नाइटिंगेलबाईंचा जन्मदिवस. नोंदवहीसाठी लढलेल्या बाईंच्या संस्थेने सणासाठी निवडली ती नोंदवहीला विरोध करणाऱ्या बाईंची जयंती! शपथेची गोष्टही अशीच आहे. 'नाइटिंगेल प्रतिज्ञा' म्हणून जगभर म्हटली जाणारी शपथ १८९३ मध्ये अमेरिकेत, डेट्रॉइटच्या एका परिचर्या विद्यालयात, लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने रचली. तिच्या मूळ मसुद्यात वैद्यांना निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे. परिचारिकेला कोणी काय द्यावे, याविषयी अर्थातच त्यात काही नाही.

कंदील आणि नोंदवही यांची ही फारकत आजही मिटलेली नाही. ब्रिटनमध्ये २०२० च्या वसंतात दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभे राहून परिचारिकांसाठी टाळ्या वाजवीत. ५ जुलै २०२१ रोजी राणीने तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेला 'जॉर्ज क्रॉस' हा सर्वोच्च नागरी शौर्यसन्मान जाहीर केला, जुलै २०२२ मध्ये तो समारंभपूर्वक प्रदान झाला, आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेच्या सदस्य वेतनासाठी संपावर गेल्या. संघटनेच्या १०६ वर्षांच्या इतिहासातला हा त्यांचा सर्वांत मोठा संप होता. अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असताना जी रुग्णालये त्यांना टिकवून धरत होती अशा ४१ संस्थांचा एक अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिका तेथे का राहतात, याची जी कारणे मिळाली ती पुरेसे मनुष्यबळ, लवचीक पाळ्या आणि निर्णयांत सहभाग अशी होती. गंमत अशी, की या अभ्यासातून पुढे रुग्णालयांनाच देण्याचे एक मानांकन तयार झाले आणि रुग्णालये ते दर्शनी भागात मिरवू लागली.

आपल्याकडे नोंदवही तुलनेने लवकर आली. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ मध्ये स्थापन झाली, मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला, आणि भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. कंदीलही आला. केंद्र सरकारने १९७३ मध्ये राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला. तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. २०२४ मध्ये त्याचे स्वरूप पदक, प्रशस्तिपत्र आणि एक लाख रुपये असे होते. एखाद्या दुर्गम उपकेंद्रातली सेविका त्या दिवशी राष्ट्रपती भवनात उभी राहते, आणि ते दृश्य कोणालाही हलवून जाईल असेच असते.

त्याच १९७३ च्या २७ नोव्हेंबरला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. मुंबईतल्या परिचारिकांनी त्या वेळी सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या बऱ्या परिस्थितीसाठी संप केला. पुढची ४१ वर्षे अरुणा त्याच रुग्णालयात राहिली. ऐंशीच्या दशकात तिला तेथून हलवून खाट रिकामी करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा परिचारिकांनीच तो हाणून पाडला. तिच्या दयामरणासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्या लेखिकेचा नसून तिची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला आणि त्यांचा मुक्तकंठाने गौरव केला. एखाद्या रुग्णालयाच्या परिचारिकांना देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून मिळालेला असा सन्मान मला दुसरा आठवत नाही, आणि तो कोणत्याही पुरस्कार समितीच्या शिफारशीवाचून मिळाला.

त्या खटल्यात रुग्णालयाने दिलेल्या माहितीत एक छोटी बाब होती: इतक्या वर्षांत अरुणाला एकदाही शय्याव्रण झाले नाही. अंथरुणावरच्या रुग्णाला पाठीवर, टाचांवर, माकडहाडाशी जखमा होऊ द्यायच्या नसतील तर दर काही तासांनी कूस बदलावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, चादरीची सुरकुती काढावी लागते; रात्री, दिवाळीत आणि १२ मे रोजीही. ही जखम झाली तर तिची नोंद होते. न झाली तर दाखवायला काहीच उरत नाही, ना छायाचित्र, ना व्यासपीठावर सांगण्याजोगा प्रसंग. १८ मे २०१५ रोजी अरुणा शानबाग न्यूमोनियाने वारल्या. तोवर त्यांना पहिल्या दिवसांत सांभाळणाऱ्या परिचारिका केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, आणि १९७३ मध्ये ज्यांचा जन्मही झालेला नव्हता अशा मुली त्यांची कूस बदलत होत्या.