प्रवरातीरींचें नेवासें

नदीकांठच्या जुन्या नगरास भेट देणाऱ्या प्रवाशाच्या मनांत कांहीं अपेक्षा आधींच घर करून बसलेल्या असतात. घाट रुंद असावे. तट पडके असले तरी उंच असावे. एखादें देऊळ असें असावें कीं, त्याच्या शिखराकडे पाहतां पाहतां डोक्यावरचें पागोटें मागें पडावें. आणि वाटाड्यानें बोट दाखवून सांगावें कीं, अमुक राजानें अमुक सालीं हें बांधिलें. चीन देशांतील लो नदीच्या कांठचें लोयांग शहर अशा प्रवाशाची निराशा करीत नाहीं. अनेक राजवंशांची ती राजधानी; जवळच ई नदीच्या कडेस लुंगमेनच्या कड्यांत कोरलेल्या असंख्य बुद्धमूर्ति. त्याच लोयांगच्या परिसरांत जन्मलेला ह्युएन् त्संग नांवाचा भिक्षु इ. स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रांत येऊन गेला. त्यानें येथील विहारांची नोंद केलीच. परंतु त्याच्या वृत्तांतांत आपणांस आज सर्वांत मोलाचें वाटतें तें येथील माणसांचें वर्णन. उपकारकर्त्याविषयीं कृतज्ञ, अपमान करणाऱ्याशीं निष्ठुर, आणि सूड घ्यावयाचा झाला तरी शत्रूस आधीं सूचना देऊन घेणारे, असे हे लोक त्यास दिसले. घरापेक्षां घरांत राहणाराकडे पाहण्याची ही दृष्टि ज्यास साधली, त्यानें नेवाशास अवश्य जावें. ज्यास ती साधली नाहीं, त्यास तेथें पाहण्यासारखें फार थोडें सांपडेल.

नेवासें हें अहमदनगर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. २०२४ सालापासून ह्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. प्रवरा नदी सह्याद्रींत रतनगडाच्या बाजूस उगम पावते, १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांत कांहीं काळ विसावते, आणि अकोलें, संगमनेर, बेलापूर असे टप्पे घेत नेवाशास येते. येथून कांहीं कोस पुढें प्रवरासंगम येथें ती गोदावरीस मिळते. जुन्या संस्कृत लेखनांत ह्या गांवास निधिवास म्हटलें आहे. निधि म्हणजे ठेवा. आणि ठेवा म्हटला कीं तो पुरलेला असावयाचा, वरून दिसावयाचा नाहीं. हें नांव कोणी ठेविलें असेल तें असो, त्याच्याइतकें यथार्थ नांव दुसरें सुचणें कठीण आहे. हल्लींच्या प्रवाशाची स्वारी ह्याच तालुक्यांतील शनिशिंगणापुरास जाते, वाटेंत सवड सांपडलीच तर नेवाशास घटकाभर टेकते, खांबास नमस्कार करते आणि पुढच्या गांवची वाट धरते. त्या घटकेंत त्यास काय दिसत नाहीं, हें सांगावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

गांवाबाहेर नदीच्या कांठीं एक टेकाड आहे. त्यास लाडमोड टेकडी म्हणतात. वरून पाहतां तें पांढऱ्या मातीचा एक ढीग, ह्यापलीकडे कांहीं नव्हे. परंतु १९५४ ते १९५६ ह्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील हसमुख सांकलिया, शां. भा. देव प्रभृति विद्वानांनीं तेथें उत्खनन केलें, १९५९ पासून पुन्हा एकदां केलें, आणि त्या ढिगानें आपली कुळकथा सांगितली. पहिल्या उत्खननाच्या वृत्तांतास त्यांनीं नांवच असें दिलें कीं, त्यांत इतिहासाकडून इतिहासपूर्व काळाकडे जाण्याची वाट सुचवावी. खालीं उतरावें तसतसें मागें जावें, असा हा जिना आहे.

ह्या जिन्याची सर्वांत खालची पायरी नदीच्या पात्रालगतच्या दगडगोट्यांच्या थरांत आहे. तेथें लाखों वर्षांपूर्वीच्या मानवाचीं काळ्या पाषाणाचीं ओबडधोबड हत्यारें मिळालीं. जवळच चिरकी येथील नाल्याकांठीं पुढें गुद्रुन कोर्विनस ह्या जर्मन विदुषीनें अशा हत्यारांचा मोठा सांठा उजेडांत आणिला. त्यांच्या वरच्या थरांत गारगोटीच्या जातीच्या रंगीत दगडांचीं लहान, रेखीव हत्यारें सांपडलीं. हीं मधल्या काळचीं हत्यारें एक स्वतंत्र अवस्था दाखवितात ही गोष्ट भारतांत प्रथम येथें स्पष्ट झाली, म्हणून विद्वानांनीं त्या हत्यारांस नेवाशाचेंच नांव दिलें. ज्या गांवाचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांस केवळ कीर्तनांतून ठाऊक, तें जगाच्या अश्मयुगशास्त्रांत अशा रीतीनें जाऊन बसलें आहे.

त्यानंतरची पायरी शेतकऱ्याची. इ. स. पूर्वी सुमारें १५०० ते १००० ह्या काळांत येथें कुडाच्या भिंतींचीं घरें होतीं, आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेलीं तोटीचीं भांडीं होतीं. ह्याच नदीवर संगमनेराजवळ जोर्वें येथें अशीं भांडीं आधीं सांपडलीं, म्हणून त्या संस्कृतीस जोर्वें संस्कृति म्हणतात. तांबें दुर्मिळ होतें, तेव्हां बहुतेक कामें दगडी पात्यांनींच भागत. ह्या लोकांचें मूल मेलें तर तें गांवाबाहेर नेत नसत. दोन मडकीं तोंडास तोंड लावून, त्यांत तें ठेवून, राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरीत. अशा एका दफनांत मुलाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आंत धाग्याचा अंश शिल्लक राहिला होता. तो तपासतां त्यांत कापूस व रेशीम आढळलें. तीन हजार वर्षांमागें, तांबें जपून वापरण्याच्या त्या दिवसांत, कोण्या आईबापांनीं तांब्याचे मणी रेशमांत ओंवून मेलेल्या लेंकराच्या गळ्यांत घातले व त्याला आपल्या पायांखालीं, आपल्याजवळ ठेविलें. लोयांगच्या सर्व राजवाड्यांत ह्याहून बोलकें कांहीं असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

तिसरी पायरी सातवाहनांच्या वेळची. तेव्हां पैठण ही मोठी बाजारपेठ होती. पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दीनें लिहून ठेविलें आहे कीं, भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तेथून माल गाड्यांत घालून बिकट मार्गानें बंदरास आणितात. पैठण गोदावरीवर खालच्या अंगास, नेवासें वरच्या अंगास. हा व्यापार नेवाशास शिवल्यावांचून राहणें शक्य नव्हतें. त्याप्रमाणें टेकडींत सातवाहनांचीं नाणीं मिळालीं, आणि रोमन साम्राज्यांतून मद्य किंवा तेल भरून येणाऱ्या उंच, दोन कानांच्या कुंभांचे तुकडेहि मिळाले. पाणी, काळी जमीन आणि व्यापाराची वाट, ह्या तिहींचा जेथें योग जुळतो तेथें मनुष्य पुन्हा पुन्हा येऊन राहतो, हा नियम नेवाशानें उत्तम रीतीनें सिद्ध केला आहे.

आणि येथेंच टेकडी मौन धरिते. सातवाहनकाळानंतर लाडमोडवरील वस्तींत हजार वर्षांहून मोठा खंड आहे. त्याच्या वरचे थर एकदम मुसलमानी व मराठी अमदानीचे लागतात. नेवाशाच्या चरित्रांतील जें सर्वांत तेजस्वी वर्ष, शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, तें नेमकें ह्या खंडांत पडतें! ज्या गांवानें दगडाची छिलपी आणि मडक्याचें खापर सांभाळून ठेविलें, त्याच्या टेकडींत ज्ञानेश्वरांच्या दिवसांचें कांहींच नाहीं. तेव्हांची वस्ती अर्थात् टेकडीच्या बाहेर होती. त्या नगराचा अवशेष म्हणून लोक आज दाखवितात तो एक दगडी खांब.

हा खांब मूळचा करवीरेश्वराच्या देवळांतला. देऊळ गेलें, खांब राहिला. ह्यास टेकून ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनीं तो उतरून घेतला, अशी परंपरा आहे. सच्चिदानंदबाबांस मरणाच्या दारांतून ज्ञानेश्वरांनीं परत आणिलें, ही कथाहि त्याच परंपरेंतली. खांबावर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यांत ग्रंथाचें नांव नाहीं, संतांचें नाहीं. देवाच्या दिव्याला तेल मिळत राहावें म्हणून केलेल्या दानाची तींत नोंद आहे. आम्ही त्या खांबापाशीं उभे होतों तेव्हां शेजारींच एक म्हातारी आपल्या नातवास सांगत होती कीं, माउलींची पाठ ह्या दगडाला लागली आहे. विद्वान् म्हणेल कीं, लेखांत तसें कांहीं नाहीं. तें खरें आहे. परंतु लेख जें सांगतो तेंहि थोडें नाहीं. दिवा जळत राहावा एवढीच इच्छा धरून कोणी दान दिलें. तेल संपलें, दिवा गेला, देऊळहि गेलें. आणि त्याच्या जागीं दुसऱ्याच प्रकारचा दिवा तेवत राहिला.

स्थळाविषयीं ग्रंथाची स्वतःची साक्ष आहे. शेवटीं ज्ञानेश्वरांनीं गोदावरीच्या दक्षिण तीराचा, श्रीमहालयेच्या पंचक्रोशीचा आणि न्यायानें राज्य करणाऱ्या यादव रामचंद्राचा उल्लेख केला आहे. नेवासें प्रवरेवर असतां गोदावरीचें नांव कां, असें चिकित्सक वाचक विचारील. पण गोदावरी येथून थोड्याच कोसांवर उत्तरेकडे आहे, आणि महालया म्हणजे नेवाशाचेंच मोहिनीरूप दैवत, असा अन्वय लाविला असतां शंकेस जागा उरत नाहीं. त्या मोहिनीराजाचें हल्लींचें सुंदर देऊळ होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बांधिलें. खंडोबाची म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेंक, असें लोकगीतें सांगतात. तिलाहि येथें मोहिनीचाच अवतार मानितात. पंडितांची महालया आणि वाघ्यामुरळींची म्हाळसा एकाच गांवांत एकमेकींस भेटतात, हें ज्ञानेश्वरीच्या जन्मस्थानास शोभणारेंच आहे. कारण संस्कृतांतला अर्थ मराठीच्या अंगणांत आणणें हाच त्या ग्रंथाचा उद्योग.

आतां पुढचा हिशेब पाहा. १२९० सालीं ग्रंथ पुरा झाला. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. त्याच सालीं ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली. पुढें पंचवीस वर्षांच्या आंत यादवांचें राज्यच बुडालें. देवगिरीचा किल्ला आजहि उभा आहे, त्याचे कडे आणि खंदक पाहून प्रवाशाची छाती दडपते. पण ज्यांच्यासाठीं ते कडे तासले त्यांस त्यांचा उपयोग झाला नाहीं. उलट, ज्या गांवास तट नव्हता असें नव्हे, पण ज्याच्या तटाची कोणी आठवणहि ठेविली नाहीं, तेथें उच्चारलेले शब्द जिवंत राहिले. तेहि आपोआप राहिले नाहींत. नकला करितां करितां पाठ बिघडले, तेव्हां शके १५०६ मध्यें पैठणच्या एकनाथांनीं पोथ्या ताडून ग्रंथ शुद्ध केला. घरोघर पारायणें झालीं. सांभाळणारा मिळाला म्हणून ठेवा टिकला.

येथें आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. नेवाशास दोन स्मृति आहेत, एक मातीची आणि एक वाणीची. मातीला जें आठवतें तें वाणी विसरली. रेशमांत ओंवलेल्या त्या माळेची एकहि ओवी कोणी गात नाहीं. वाणीला जें आठवतें तें मातीपाशीं नाहीं. दोन्ही मिळून हें नगर पुरें होतें. वाणीची काळजी घेणारे आपल्याकडे पुष्कळ. पैस हा शब्द म्हणजे विस्तार, अवकाश. त्याच नांवानें प्रसिद्ध असलेल्या ह्या खांबावर दुर्गा भागवतांनीं निबंध लिहिला आणि तेंच नांव १९७० सालच्या आपल्या पुस्तकासहि दिलें. मातीची काळजी घेणारे मात्र थोडे. जुन्या पांढरीची माती उकरून शेतांत खत म्हणून टाकण्याची रीत आपल्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, आणि प्रत्येक पाटीबरोबर असा एखादा जिना ढासळत असतो. तो शेतकऱ्याचा दोष नव्हे. त्या ढिगांत काय आहे हें ज्यांनीं त्याला सांगावयाचें, ते आपण सुशिक्षित लोक खांबास नमस्कार करून निघून जातों.

म्हणून आमची वाचकांस सूचना अशी कीं, नेवाशास जातांना घटकेऐवजीं एक अख्खा दिवस हातीं ठेवावा. खांबाचें दर्शन घ्यावें, मोहिनीराजाच्या देवळांतील शिल्पें पाहावीं. मग मुलांस बरोबर घेऊन लाडमोडपर्यंत चालत जावें व त्या निजलेल्या लेंकराची गोष्ट त्यांस सांगावी. पुढें प्रवरासंगमापर्यंत जावें. १९७६ सालीं पुऱ्या झालेल्या पैठणच्या धरणाचा फुगवटा तेथवर येतो, आणि दोन नद्यांच्या संगमावर आतां तिसरेंच विस्तीर्ण पाणी पसरलेलें दिसतें. मुलें विचारतील कीं, जुनें शहर कोठें आहे. त्यांस सांगावें कीं, अर्धें तुमच्या पायांखालीं होतें, आणि उरलेलें तुमच्या आजीला पाठ आहे.