रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोत्तोचानची शाळा खरंच होती का?

होती. तोमोए गाकुएन तिचं नाव. टोकियोच्या जियुगाओका भागात १९३७ साली सोसाकु कोबायाशी यांनी ती सुरू केली.

कोबायाशी हे संगीतशिक्षक. पॅरिसमध्ये ते डालक्रोझ यांच्याकडे ‘युरिदमिक्स’ शिकले. म्हणजे संगीताचा ताल शरीराच्या हालचालींतून शिकायचा. जियुगाओकात आधीच एक प्रयोगशील शाळा होती. त्या भागाला नावसुद्धा तिच्यावरूनच पडलं. तिची बालवाडी आणि प्राथमिक विभाग कोबायाशींनी हाती घेतला.

‘तोमोए’ हे स्वल्पविरामासारखं दिसणारं जुनं जपानी चिन्ह. शाळेच्या खुणेत अशी दोन चिन्हं, एक काळं आणि एक पांढरं, मिळून गोल होत. शरीर आणि मन यांची वाढ बरोबरीनं व्हावी, हा त्यामागचा अर्थ.

वापरातून गेलेले रेल्वेचे डबे हेच वर्ग. पट पन्नासच्या आसपास. दिवसभराचे विषय सकाळीच फळ्यावर लिहिले जात आणि सुरुवात कुठून करायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जेवणाच्या डब्यात ‘काहीतरी समुद्रातलं, काहीतरी डोंगरातलं’ असावं, एवढीच पालकांना सूचना. पोलिओ झालेली, शारीरिक व्यंग असलेली मुलंही इथे सगळ्यांबरोबर शिकत. उंची खुंटलेल्या एका मुलाला जिंकता येईल, असे खेळ कोबायाशींनी क्रीडादिनासाठी मुद्दाम ठरवले होते.

हे सगळं चाललं होतं ते युद्धकाळात. १९३७ सालीच जपानचं चीनशी युद्ध पेटलं. १९४१ मध्ये देशातल्या प्राथमिक शाळांच्या ‘राष्ट्रीय शाळा’ झाल्या. सम्राटाची निष्ठावान प्रजा घडवणं हे त्यांचं काम. मग तोमोए टिकली कशी? माजी विद्यार्थिनी तेत्सुको कुरोयानागी, म्हणजेच तोत्तोचान, यांचा अंदाज असा: कोबायाशींना प्रसिद्धी आवडत नसे, शाळेचे फोटोही ते काढू देत नसत. त्यामुळे एवढ्याशा शाळेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

१९४५ च्या हवाई हल्ल्यांत शाळा जळाली. युद्धानंतर कोबायाशींनी त्याच जागी बालवाडी सुरू केली, कुनिताची संगीत महाविद्यालयात बालशिक्षण विभाग उभारायला मदत केली. पण तोमोएसारखी प्राथमिक शाळा पुन्हा काढणं राहूनच गेलं. १९६३ मध्ये ते वारले.

कुरोयानागींचं पुस्तक आलं १९८१ मध्ये. नॅशनल बुक ट्रस्टमुळे ते मराठीतही वाचता येतं. त्याच्या मानधनातून त्यांनी तोत्तो फाउंडेशन काढलं. ही संस्था कर्णबधिर कलाकारांना अभिनयाचं प्रशिक्षण देते.